खिडक्यांआड कोणी नाही : मिलिंदपञ्हातील एका संवादाची समीक्षा

देवळीच्या आमच्या धम्मवाचनात ‘मिलिंदपञ्ह’ सुरू असता एका उपासकाने शंका काढली. कापूस वेचताना बोंड डोळ्यांना दिसते, त्याची वाळलेली टोके बोटांना टोचतात, तोडताना आवाजही होतो. ही सारी एकाच बोंडाची खबर आहे, हे आत कोणाला कळते? शंका साधी दिसते. परंतु तिचे नीट उत्तर न दिल्यास पुढल्या दाराने घालविलेला आत्मा मागल्या दाराने घरात शिरतो.

राजा मिलिंदाचा पक्ष हाच आहे. प्रासादात बसून आपण हव्या त्या खिडकीतून बाहेर पाहतो, तसा आतला ‘वेदगू’ इंद्रियांच्या दारांतून पाहतो, असे तो म्हणतो. नागसेन त्यास अडवितात. खिडकी काढून टाकल्यास अधिक स्वच्छ दिसते. मग डोळा काढल्यास वेदगूला अधिक दिसेल काय? तोंड बांधून मधाच्या हौदात टाकलेल्या माणसास मधाची गोडी का कळत नाही? राजा निरुत्तर होतो. चक्षू व रूप यांच्या आश्रयाने विज्ञान उत्पन्न होते, त्यासोबत स्पर्श, वेदना, संज्ञा येतात. पाहणारा वेगळा नाही.

याहून मोलाचा भाग पुढे आहे. चक्षुर्विज्ञानामागून मनोविज्ञान कसे येते? ती दोघे एकमेकांस सांगत नाहीत, असे नागसेन म्हणतात. पाणी उताराने जाते, नगरास एकच वेस असते, मागची गाडी पुढच्या गाडीच्या चाकोरीने जाते, लेखन-गणित सवयीने येते; तसेच हे घडते. एकत्रीकरणास हुकूम देणारा धनी लागत नाही, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

आधुनिक संशोधन याच दिशेस बोट दाखविते. 1976 साली मॅकगर्क व मॅकडोनाल्ड यांनी ‘ब’ या ध्वनीस ‘ग’ उच्चारणाऱ्या ओठांचे चित्र जोडले. अनेकांना ‘ड’ ऐकू आला. बॅरी स्टाइन व ॲलेक्स मेरेडिथ यांना मांजराच्या मध्यमेंदूत अशा पेशी आढळल्या, ज्या प्रकाश व ध्वनी एकाच जागी, जवळपास एकाच वेळी आले असता अधिक प्रतिसाद देतात. अंधारात वाढविलेल्या मांजरांत हा गुण नीट विकसित झाला नाही. सवयीवाचून चाकोरी पडत नाही, हेच येथे दिसते.

तथापि ‘बुद्धांनी हे सारे आधीच सांगितले’ असे लिहिणाऱ्यांशी आमचा मतभेद आहे. महावेदल्ल सुत्तात सारिपुत्त सांगतात की पाच इंद्रिये परस्परांचे विषय अनुभवीत नाहीत, मन त्यांचा आश्रय आहे. परंतु लहानपणीच दृष्टी गेलेल्या व्यक्ती बोटांनी ब्रेल वाचताना मेंदूचा दृष्टिभाग क्रियाशील होतो, असे 1996 साली दिसून आले. ‘आधी चक्षुर्विज्ञान, मग मनोविज्ञान’ हा क्रमही सर्वत्र लागू पडत नाही. ध्वनी व दृश्य पुष्कळदा आरंभीच एकमेकांवर परिणाम करतात. पालि ग्रंथ हा प्रयोगशाळेचा अहवाल नव्हे. त्यावर तसे ओझे लादणे म्हणजे त्यास पोथी करणे होय.

बाबासाहेबांनी 1957 साली प्रकाशित झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात याहून सुरक्षित वाट दाखविली आहे. आत्मा नाकारून त्यांनी विज्ञान शरीरासोबत उत्पन्न होते असे मांडले आणि विद्युत्क्षेत्रासोबत असणाऱ्या चुंबकक्षेत्राचा दाखला दिला. जे बुद्धिसंगत तेच बुद्धवचन, ही त्यांची कसोटी आहे. ती प्रतिपक्षास लावावी आणि आपल्या अभिमानासही लावावी. म्हणून नागसेनांचा युक्तिवाद आम्ही स्वीकारतो, त्यांच्या क्रमास प्रश्न विचारतो. त्या उपासकास आमचे उत्तर इतकेच : बोंड एक आहे असे कळते, ते कळण्यासाठी कळणारा मालक लागत नाही.