ताकोपीचं पाप नेमकं कोणतं?

आज एका जपानी चित्रकथेबद्दल, म्हणजे मंगाबद्दल बोलायचं आहे. तिचं नाव 'ताकोपी नो गेन्झाई'. ख्रिस्ती धर्मात जे आद्य पाप सांगितलं आहे, त्याला जपानीत 'गेन्झाई' म्हणतात. म्हणून आपण 'ताकोपीचं आद्य पाप' म्हणू या. ताइझान 5 या टोपणनावाने काम करणाऱ्या चित्रकाराची ही कथा डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात 'शोनेन जंप प्लस'वर क्रमशः आली. अवघी 16 प्रकरणं, दोन खंड. 2025मध्ये तिच्यावर सहा भागांची ॲनिमे मालिका निघाली, ती काहींनी पाहिली असेल. बाकीच्यांना आधीच सांगतो, कथानक उघड केल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. आणि यात मुलांचा छळ आहे, आत्महत्या आहे. ऐकवत नसेल तर इथे थांबलात तरी चालेल.

सुरुवात अगदी ओळखीची वाटते. दूरच्या ग्रहावरून ऑक्टोपससारखा एक गोल, गुलाबी जीव पृथ्वीवर येतो. विश्वात आनंद पसरवायचा, हे त्याचं काम. त्यासाठी जादूची उपकरणं सोबत. उपाशी ताकोपीला चौथीतली एक मुलगी पाव देते. तिचं नाव शिझुका. तुम्हाला डोरेमॉन आठवला ना? आपल्याकडे तो हिंदीतून घरोघरी पोचला, त्यामुळे वेगळी ओळख करून द्यायला नको. नायिकेचं नावही तेच असावं, हा मला योगायोग वाटत नाही. डोरेमॉनच्या गोष्टीत उपकरणं उलटतात, फजिती होते. पण संध्याकाळी परतायला घर असतं, रागावणारी का होईना, आई असते. इथे ते घरच काढून घेतलं आहे.

शिझुकाचे वडील सोडून गेलेत, आई घरात असून नसल्यासारखी. वर्गातली मारिना तिला रोज छळते. शिझुकाला आधार एकच, चॅप्पी नावाचा कुत्रा. ताकोपी तिला उडायचं उपकरण देऊ करतो, ती नको म्हणते. उडता आलं म्हणून काय बदलणार, असा तिचा सूर. हे वाक्य ताकोपीला ऐकू येतं, पण पोचत नाही. तिचं मारिनाशी 'भांडण' झालंय, एवढंच त्याला समजतं, आणि भांडणावर त्याच्याकडे औषध आहे : समेट घडवणारी रिबन. शिझुका ती एकटीसाठी मागते, तो खुशीने देतो. त्याच रिबनने ती जीव देते.

आता इथे बघा. ताकोपी दुष्ट नाही, आळशी नाही. तो कॅमेऱ्याने काळ मागे नेतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. एकदा तर शिझुकाचं रूप घेऊन तिच्या जागी शाळेत जातो आणि मारिनाचा मार खातो. तेव्हा त्याला पहिल्यांदा कळतं की हे भांडण नव्हे. पण तरीही तो शिझुकाजवळ बसून तिला बोलू देत नाही. पुढचा उपाय शोधत राहतो. शेवटी मारिनाला थांबवण्यासाठी तो तोच कॅमेरा तिच्या डोक्यात घालतो. मारिना मरते, कॅमेरा मोडतो. आणि शिझुका हसते.

हे पान मला या कथेचा कणा वाटतं. ताकोपीला काय हवं होतं? शिझुकाचं हसू. ते मिळालं. 'ती हसली म्हणजे मी मदत केली' हे त्याचं माप किती पोकळ होतं, ते इथे लेखक एकही उपदेश न करता दाखवतो. चित्रणही तसंच आहे : माणसांचे चेहरे काळ्या सावल्यांनी भरलेले, आणि त्यांच्यात चार रेषांचा, पुसून टाकता येईल असा ताकोपी.

मग गोष्ट मारिनाच्या घरात शिरते. तिचे वडील शिझुकाच्या आईकडे जातात आणि त्याचा राग मारिनाची आई मारिनावर काढते. पुढे आझुमा भेटतो. हुशार भावाशी सतत तुलना झालेला हा मुलगा कोणाच्या तरी उपयोगी पडावं म्हणून प्रेत लपवायला मदत करतो. म्हणजे तोही ताकोपीच! त्याला वाचवतो तो त्याचा मोठा भाऊ. त्याच्याकडे जादू नाही. काहीतरी बिनसलंय हे तो ओळखतो, थांबतो, विचारतो आणि ऐकून घेतो. संपूर्ण कथेतली खरी मदत मला तरी एवढीच दिसते. ताकोपीचं आद्य पाप हे, की समोरच्याचं सुख कशात आहे ते त्याने विचारण्याआधीच ठरवलं होतं.

शेवटी ताकोपी स्वतःला संपवून काळ एकदाच मागे नेतो. तो नसलेल्या जगात वहीतलं त्याच्यासारखं एक चित्र पाहून दोघी मुलींना, का ते न कळता, रडू येतं, आणि त्या बोलू लागतात. काही वाचकांना हा शेवट फार सोपा वाटतो. मलाही वाटला. इतका छळ एका चित्राने विरघळतो का? दुसऱ्या वाचनात मत थोडं बदललं. लेखक छळ विरघळला असं म्हणत नाही, दोघींची घरं दुरुस्त झाली असंही म्हणत नाही. दोघी आता एकट्या नाहीत, इतकंच.

तरी माझी एक तक्रार उरते. ज्या घरात आईच हात उगारते, तिथे दहा वर्षांच्या दोन मुली एकमेकींशी बोलल्या, हे पुरेसं नाही. तिथे मोठ्या माणसाने मध्ये पडायला हवं, आणि या कथेत ते कोणी पडत नाही. ही कथेची उणीव म्हणायची की तिचा आपल्यावरचा आरोप? मला दुसरं खरं वाटतं. कारण पान मिटल्यावर मला ताकोपी आठवला नाही. 'काय झालं?' असं विचारून उत्तर यायच्या आतच मी ज्यांना सल्ला देऊन मोकळा झालो, ती मुलं आठवली. तुम्हालाही कोणी आठवत असेल, तर उपाय सांगायला जाऊ नका. नुसते जाऊन बसा.

आता प्रश्न घेऊ या.