‘ओके’ या शब्दाचा अर्थ: गिट पुशच्या सर्व्हर बाजूची समीक्षा

तत्त्वज्ञानाचा मास्तर संगणकाच्या प्रोग्रॅमवर काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. समीक्षा नाटकाची होते, कायद्याच्या कलमाची होते, तशी प्रोग्रॅमचीही होऊ शकते. त्यातही कोणीतरी काहीतरी गृहीत धरलेलं असतं, आणि नेमकं तेच लिहिलेलं नसतं. आज मी जो प्रोग्रॅम घेतो आहे त्याचं नाव आहे ‘गिट रिसीव्ह-पॅक’.

ज्यांना गिट ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 साली लिनक्स कर्नलच्या कामासाठी ही व्यवस्था लिहिली. प्रोग्रॅममध्ये कोणी, कधी, काय बदल केला याची ती नोंद ठेवते. एकेका नोंदीला कमिट म्हणतात, आणि आपल्याकडच्या कमिट दुसऱ्या संगणकावरच्या सामायिक साठ्यात पाठवणं म्हणजे पुश. पाठवणारी बाजू रोज लाखो माणसं वापरतात. घेणारी बाजू, म्हणजे सर्व्हरवरचा रिसीव्ह-पॅक, फार थोड्यांनी वाचलेली असते. अलीकडे काही तरुण मंडळी ती स्वतः लिहून बघतात, कोणी शिकण्यासाठी, कोणी आपल्या संस्थेत स्वतःचा सर्व्हर हवा म्हणून. हे बोलणं मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. पुश संपताना सर्व्हर ‘ओके’ म्हणतो. त्या शब्दात सर्व्हरने केलेला दावा फार लहान असतो. ऐकणारा मात्र त्यात फार मोठा दावा ऐकतो. या फटीतून काय शिरू शकतं हे 2021 मध्ये दिसलं. त्याकडे येतोच, पण आधी संवाद कसा चालतो ते बघू.

पहिल्यांदा सर्व्हर बोलतो. माझ्याकडे अमुक ब्रँच आहे, ती आत्ता अमुक कमिटवर आहे, अशी सगळी यादी तो वाचून दाखवतो. मग क्लायंट आपली मागणी मांडतो. मागणीत तीनच गोष्टी असतात: जुनी किंमत, नवी किंमत आणि ब्रँचचं नाव. ‘मी ही ब्रँच इथे पाहिली, ती आता तिथे न्या.’ जुन्या किमतीच्या जागी सगळी शून्यं असतील तर ब्रँच नवी निर्माण करायची, नव्या किमतीच्या जागी शून्यं असतील तर पुसायची. मला ही मांडणी फार आवडते. नुसतं ‘हे कर’ असं कोणी म्हणत नाही, ‘मी जग असं पाहिलं आहे, म्हणून हे कर’ असं म्हणतो. म्हणजे आज्ञेला ज्ञानाची अट जोडलेली आहे. मधल्या काळात दुसऱ्या कोणी ती ब्रँच हलवली असेल, तर पाहिलेलं जग उरलेलं नाही आणि मागणी फेटाळली जाते. दोघं एकाच क्षणी आले तर सर्व्हर त्या ब्रँचवर कुलूप लावतो, एकाचं काम करतो, दुसऱ्याला परत पाठवतो.

मागणीनंतर येते पॅकफाइल, म्हणजे कमिट आणि फायलींचा दाबून बांधलेला गठ्ठा. आता गंमत बघा. गिटमध्ये प्रत्येक वस्तूची ओळख म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला हॅश, एक लांबलचक आकडा. पण गठ्ठ्यातल्या वस्तूंवर त्यांचे हॅश लिहिलेले नसतात. क्लायंट ‘ही अमुक वस्तू’ असं सांगतच नाही. सर्व्हर गठ्ठा उघडतो, एकेक वस्तू मोजतो आणि तिचं नाव स्वतः काढतो. मग नव्या कमिटपासून मागे चालत जाऊन बघतो की साखळीतली एकही कडी गहाळ नाही ना. सांगितलेल्यावर विश्वास नाही, जे आहे ते डोळ्यांनी बघायचं आणि त्यावरून अनुमान काढायचं. आपल्याकडे वैशेषिक प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणं मानतात, शब्दाला वेगळं प्रमाण मानत नाहीत. इथवरचा रिसीव्ह-पॅक पक्का वैशेषिक आहे.

आणखी एक चांगली गोष्ट. 2016 च्या शेवटी आलेल्या 2.11 आवृत्तीपासून आलेला माल थेट साठ्यात जात नाही. तो आधी एका वेगळ्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये राहतो, जसं बोटीवरून उतरलेल्याला बंदरात विलगीकरणात ठेवत. प्री-रिसीव्ह नावाचा हुक, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्याने स्वतः लिहिलेली तपासणी, ‘हो’ म्हणाली तरच माल आत. ‘नाही’ म्हणाली तर फोल्डरच उडवून टाकतात, साठ्याला स्पर्शही होत नाही. घरी सर्व्हर लिहिणारे तरुण इथे हमखास घाई करतात. ब्रँच आधी हलवतात, माल नंतर जागेवर ठेवतात. मध्येच वीज गेली की ब्रँच बोट दाखवते ती वस्तूच अस्तित्वात नसते. क्रम असा हवा: माल घ्या, मोजा, साखळी बघा, हुकला विचारा, माल आत न्या, ब्रँच हलवा, आणि मगच तोंडातून ‘ओके’ काढा.

इथपर्यंत स्तुती झाली. आता तक्रार.

गिट वापरणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी एक नकार पाहिलेला असतो: तुझ्या पुशमुळे दुसऱ्याचं काम पुसलं जाईल, म्हणून नाकारलं. शंभरात नव्वद जण समजतात की सर्व्हरने नाकारलं. तसं नसतं! पडद्यावर नुसतं ‘रिजेक्टेड’ आलं तर ते तुमच्याच संगणकावरच्या गिटने ठरवलेलं असतं, मागणी सर्व्हरपर्यंत गेलेलीच नसते. सर्व्हरने नाकारलं तर शब्द येतो ‘रिमोट रिजेक्टेड’. आणि मुळात सर्व्हरला त्याच्या मूळ अवस्थेत या पुसापुशीचं वावडं नाही. ते नाकारायचं असेल तर ‘डिनाय नॉन-फास्ट-फॉरवर्ड्स’ ही सेटिंग आपण चालू करायची असते. तसंच वस्तूंच्या अंतर्गत रचनेची काटेकोर तपासणी. तिच्यासाठी ‘एफएसचेक ऑब्जेक्ट्स’ ही सेटिंग आहे, तीही मुळात बंद. म्हणजे दारावर जो पहारेकरी उभा आहे असं आपल्याला वाटतं, तो पुष्कळदा आपल्याच घरात बसलेला असतो. ज्याला गैरवागणूक करायची आहे तो स्वतःचा क्लायंट लिहील, त्याला पहारेकरी कशाला हवा?

आता 2021. पीएचपी ही भाषा जगातल्या असंख्य वेबसाइटींच्या पोटात आहे. 28 मार्चला तिच्या अधिकृत साठ्यात दोन कमिट आल्या. एकीवर नाव होतं भाषेचे जनक रासमुस लेर्डोर्फ यांचं, दुसरीवर निकिता पोपोव यांचं, हे त्या वेळचे प्रमुख विकासक. पहिलीचा विषय म्हणे टंकनचूक सुधारणे. आत होती चोरवाट: वेब विनंतीत विशिष्ट खूण असली की बाहेरचा माणूस सर्व्हरवर हवा तो कोड चालवू शकेल अशी. दोघांपैकी कोणीही ते लिहिलं नव्हतं. सहकाऱ्यांच्या वाचनात हे लवकर सापडलं, प्रकाशित आवृत्तीत गेलं नाही. पण सर्व्हर काय म्हणाला होता? ‘ओके’.

आणि तो खोटं बोलला नव्हता. कमिटवरचं लेखकाचं नाव हा मजकुराचाच भाग असतो. हॅश बरोबर, साखळी बरोबर, जुनी किंमत बरोबर. लेखक खरा का, हा प्रश्न रिसीव्ह-पॅक विचारतच नाही. आपण मात्र ‘सर्व्हरने स्वीकारलं’ हे वाक्य साक्षीसारखं ऐकतो. सातबाऱ्याचं असंच आहे. उताऱ्यावर नाव आहे म्हणून माणूस निश्चिंत असतो, आणि कोर्टात गेल्यावर कळतं की ती महसुली नोंद आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे.

सुरुवातीला पीएचपीच्या लोकांना वाटलं, सर्व्हरच फुटला. पुढे त्यांनी जाहीर केलेला निष्कर्ष मला जास्त बोधक वाटतो. त्या सर्व्हरला दोन दारं होती. एक एसएसएचचं, तिथे सीताराम चामर्ती यांनी लिहिलेला गिटोलाइट पहाऱ्याला होता आणि आल्यागेल्याची नोंद ठेवत होता. दुसरं एचटीटीपीएसचं, तिथे नुसता पासवर्ड. दुसऱ्या दाराने आलेला गिटोलाइटच्या वहीत दिसतच नव्हता. खुद्द पोपोव यांना हे दुसरं दार आहे हे तोवर ठाऊक नव्हतं. वापरकर्त्यांच्या पासवर्डांची यादी बाहेर गेली असावी, असा त्यांचा अंदाज होता. साठा नंतर गिटहबवर हलवला.

यावर सरळ उपाय सुचतो: पुश करणारा आणि लेखक एकच असला पाहिजे असा हुक लिहा. मी हे अनेकांकडून ऐकलं आहे आणि ते चुकीचं आहे. लिनक्स कर्नलमध्ये बदल ईमेलने येतात, कोणी तिसराच ते साठ्यात घेतो, आणि श्रेय मूळ लेखकाचं राहावं म्हणून तर गिटने कमिटमध्ये लेखक आणि कमिट करणारा अशी दोन नावं ठेवली. दुसऱ्याचं काम त्याच्या नावाने पुढे नेणं हा इथे गुन्हा नाही, सौजन्य आहे. शिवाय टोरवाल्ड्स स्वतः विश्वासातल्या माणसांच्या साठ्यांतून काम ओढून घेतात, लोक त्यांच्या साठ्यात ढकलत नाहीत. त्या संस्कृतीत पुश म्हणजे स्वतःच्याच अंगणात ठेवणं, म्हणून पुशचं दार इतकं साधं राहिलं. पुढे शेकडो माणसं एकाच सर्व्हरवर ढकलू लागली, दार तेच राहिलं. माझी टीका मूळ रचनेवर कमी आणि या न बदललेल्या गृहीतकावर जास्त आहे.

नैयायिकांची इथे मदत होते. ते शब्दाला प्रमाण मानतात, पण आप्ताच्या शब्दाला. वात्स्यायन सांगतो की आप्ताचं लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू आहे. त्याने वस्तू स्वतः जाणलेली असावी आणि जशी जाणली तशी सांगण्याची इच्छा असावी. नाव मोठं असणं हे त्या लक्षणात नाही. पीएचपीच्या त्या कमिटवर नाव मोठं होतं, शब्द कोणाचा होता हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

ते लिहिता येतं. 2014 च्या 2.2 आवृत्तीपासून पुशवर सही करता येते. ‘या ब्रँच या किमतीवरून त्या किमतीवर मी नेत आहे’ असा दाखला क्लायंट सही करून देतो, आणि जुना दाखला पुन्हा चालवता येऊ नये म्हणून सर्व्हर दर वेळी एक नवा आकडा देतो, तो दाखल्यात यावा लागतो. कमिटवरची सही लेखकाबद्दल बोलते, ही सही ढकलणाऱ्याबद्दल. हवा होता तो फरक इथे नीट केला आहे. वापरणारे मात्र अगदी थोडे.

आणि इथेही रिसीव्ह-पॅक आपल्या स्वभावाला जागतो, हे सर्व्हर लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवा. तो सही तपासतो, निकाल प्री-रिसीव्ह हुकच्या हातात ठेवतो आणि गप्प बसतो. हुक लिहिलेलाच नसेल, तर सही खोटी निघाली तरी पुश आत जातो, आणि सर्व्हर ‘ओके’ म्हणतो. आता प्रश्न घेऊ या.