पंख आले, भीती गेली

2007 सालच्या मार्च महिन्याच्या अखेरीस इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात मेलेली परी सापडल्याची बातमी पसरली. कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एका माणसाला ती मिळाली, असं सांगितलं गेलं. वीतभर लांबीचा वाळलेला देह, पक्ष्यासारखी पोकळ हाडं, दात, लालसर केस आणि जुन्या पानासारखे विरलेले पंख. एक एप्रिलला डॅन बेन्स यांनी खुलासा केला की, हे सगळं त्यांनी स्वतःच्या हातांनी घडवलं आहे. जादूगारांच्या प्रयोगांना लागणारं सामान बनवणं हा त्यांचा व्यवसाय. खुलासा झाल्यावरही पत्रं थांबली नाहीत. ‘तुम्ही खरं दडवताय’ असं लोक त्यांनाच सुनावू लागले. पुढे ती मूर्ती लिलावात 280 पौंडांना गेली.

परीमूर्तींच्या आजच्या कलेबद्दल लिहिताना मला हे उदाहरण आधी घ्यावंसं वाटतं, कारण इथे गोष्ट मूर्तीच्या अंगातच आहे. हाडं पोकळ का, दात का झिजले, पंख कुठे फाटले, हे पाहता पाहता बघणारा स्वतःच कथा रचू लागतो. ही कला आज जिथे जिथे होते, तिथल्या बहुतेक कामाकडे पाहिलं की नेमकं उलट दिसतं. हात कमालीचा तयार झालेला आहे आणि गोष्ट मात्र सोबतच्या छापील कार्डावर राहिली आहे.

जुन्या ब्रिटिश लोककथांतल्या परींना, म्हणजे त्या अदृश्य लोकांना, सहसा पंख नव्हतेच. त्यांचा आकारही ठरलेला नव्हता. कुणी माणसाएवढं, कुणी लहान पोराएवढं. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरफॉइलचे धर्मोपदेशक रॉबर्ट कर्क यांनी सतराव्या शतकाच्या शेवटी या लोकांविषयीच्या समजुती गांभीर्याने लिहून ठेवल्या. ते हस्तलिखित 1815 मध्ये छापलं गेलं. कर्क 1692 मध्ये वारले, तेव्हा गावाने म्हटलं की, ते मेले नाहीत, त्यांना नेलं. त्या जगात नियम कडक होते. त्यांचं अन्न खायचं नाही, लोखंड जवळ ठेवायचं, तान्ह्या मुलाला एकटं सोडायचं नाही. आपल्याकडे पाण्याकाठच्या साती आसरांबद्दल बोलताना म्हातारी माणसं आवाज खाली आणतात. इंग्रजी परीची मूळ जात त्या धाकाच्या जवळची आहे, आपल्या बालवाङ्मयातल्या परीच्या जवळची नाही. या धाकाने जीवही घेतले. 1895 मध्ये आयर्लंडच्या टिपरेरी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी या तरुण बाईला तिच्या नवऱ्याने जाळलं. ही आपली बायको नव्हे, परीलोकातून आलेली बदली बाई आहे, असं तो म्हणत राहिला. ती श्रद्धा परत यावी असं कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण मूर्ती घडवणाऱ्याला आपल्या विषयाचं हे वजन माहीत असलं पाहिजे. ते माहीत नसल्याचं चेहऱ्यावर दिसतं.

पंख चित्रातून आणि रंगमंचावरून आले. अठराव्या शतकाच्या अखेरीस चित्रकार टॉमस स्टॉथर्ड यांनी कवी पोप यांच्या काव्यासाठी केलेल्या चित्रांत फुलपाखराचे पंख दिसतात. 1832 मध्ये पॅरिसला मारी टाल्योनी ‘ला सिल्फीद’ या बॅलेत तरंगत आली आणि पांढरा झिरझिरीत झगा कायमचा चिकटला. याचा राग सर्वांत ठसठशीतपणे मांडला तो रुडयार्ड किपलिंग यांनी. मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेल्या या लेखकाने 1906 च्या ‘पक ऑफ पूक्स हिल’मध्ये एका खऱ्याखुऱ्या जुन्या परीपुरुषाच्या तोंडून पंख, झगे आणि जादूच्या कांड्या घेऊन भिरभिरणाऱ्या या नव्या नमुन्यांचा चांगलाच समाचार घेतला आहे. त्याला शंभराहून अधिक वर्षं झाली. बाजार नमुन्यांचाच राहिला.

मात्र पंख असले म्हणजे काम उथळच, असं मी म्हणणार नाही, आणि त्याचं कारण सिसली मेरी बार्कर. क्रॉयडनला राहणाऱ्या या चित्रकर्तीचं पहिलं फुलपऱ्यांचं पुस्तक 1923 मध्ये ब्लॅकी या प्रकाशकांनी काढलं; 24 चित्रांचे तिला 25 पौंड मिळाले. तिची बहीण डॉरोथी घरातच बालवाडी चालवत असे. त्या बालवाडीतली मुलं बार्करसमोर बसत. ती आधी फूल घेई, त्याच्या पाकळीचा काठ, देठाची लव, पानाची शीर न्याहाळी, मग त्याच फुलाच्या घडणीवरून मुलाचा पोशाख शिवी. पंख काटक्यांवर झिरझिरीत कापड ताणून केलेले असत. पोशाख अंगावर चढवून, हातात ते फूल देऊन मूल बसवलं जाई. म्हणजे चित्राआधी तिथे हातांनी घडवलेली एक परी उभी असे. फुलं मी खरी पाहून काढली आहेत, परी मात्र कधी पाहिलेली नाही, असं तिने पुढच्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत सरळ सांगून टाकलं. बार्करच्या परीची कल्पित बाजू इतकी भक्कम वाटते ती या सचोटीमुळे. आज तिच्या नावावर रेझिनच्या ओतीव मूर्ती विकल्या जातात, त्यात फूल कुठलं हे खालचं लेबल वाचून कळतं.

आजच्या हस्तकारागिरांचं मुख्य माध्यम आहे पॉलिमर क्ले. ही माती नव्हेच. पीव्हीसीचा मऊ लगदा, घरच्या ओव्हनमध्ये 110 ते 130 अंशांवर भाजला की घट्ट होतो. भट्टी लागत नाही, म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून काम करणाऱ्या असंख्य बायकांसाठी ही कला खुली झाली, आणि ही गोष्ट लहान नाही. आत तारेचा सांगाडा, त्यावर घट्ट दाबलेली अ‍ॅल्युमिनियमची पातळ पत्री, मग क्लेचा थर. अर्धपारदर्शक क्ले मिसळली की कातडीखाली रक्त असल्याचा भास होतो. पापण्या वेगळ्या बसवतात, केसांना मोहेर, म्हणजे अंगोरा शेळीची लोकर, एकेक बट करून लावतात. पंखांना चमकती फिल्म. बोटाच्या पेराएवढ्या हातावर नखं आणि सांध्यावरच्या सुरकुत्या काढणारी माणसं आहेत. असं काम मी भिंग लावून बघतो आणि खरोखर थक्क होतो.

मग मी सोबतचं कार्ड वाचतो. परीचं नाव, आवडतं फूल, राहण्याचं ठिकाण, आणि ती तुमची इच्छा पुरी करील असा दिलासा. सगळ्या मायाळू, सगळ्या तरुण, सगळ्यांचे ओठ जरासे विलग. एकीचं कार्ड दुसरीजवळ ठेवलं तरी काही बिघडत नाही, आणि हीच माझी मुख्य तक्रार आहे. गोष्ट ज्या मूर्तीतून निघते ती त्याच मूर्तीची असते, हलवता येत नाही. सिलिकॉनच्या साच्यात चेहरे दाबून काढण्याची पद्धत रुळल्यापासून हा एकसारखेपणा आणखी वाढला. हा गोडवा मूर्तींबाहेरही पसरला. इंग्लंडच्या सॉमरसेटमधल्या वेफर्ड वूड्स या जंगलात तर लोकांनी झाडांच्या बुंध्यांना परींची चिमुकली दारं ठोकायला सुरुवात केली. दारांची संख्या दोनशेच्या आसपास गेली, तेव्हा 2015 मध्ये जंगल सांभाळणाऱ्या विश्वस्तांना आवर घालावा लागला. ज्यांच्या भीतीने माणूस झाडाला हात लावायला कचरत असे, त्यांच्याच प्रेमापोटी झाडांत खिळे गेले.

वेंडी फ्राउड यांचं काम वेगळं पडतं ते इथे. मूळच्या डेट्रॉइटच्या, जिम हेन्सन यांच्या बाहुली-कार्यशाळेत घडलेल्या, ‘एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ या चित्रपटातल्या योडाच्या घडणीत हात असलेल्या या कलावतीने डेव्हनमध्ये राहून आयुष्यभर बाहुल्या केल्या. चेहरे वाकडे, नाकं बोजड, कान म्हातारे. डोळ्यांत लबाडी असते, कधी नुसता थकवा. लेखिका टेरी विंडलिंग यांच्याबरोबर 1999 मध्ये तिने पुस्तक केलं, त्यात बाहुल्यांची छायाचित्रं हीच चित्रं आहेत. प्रत्येक पात्र आपापल्या चेहऱ्याचं ओझं घेऊनच गोष्टीत वावरतं. तरीही तिच्या जंगलातही रात्र फारशी गडद होत नाही, असं मला वाटतं.

रात्र गडद केली टेसा फार्मर यांनी. 1978 मध्ये बर्मिंगहॅमला जन्मलेल्या, ऑक्सफर्डच्या रस्किन कलाशाळेत शिकलेल्या. त्यांच्या परी एक सेंटिमीटरहूनही लहान; वनस्पतींच्या तंतुमुळांचे सांगाडे, पाठीला खऱ्या किड्यांचे पंख. त्या झुंडीने येतात, भुंग्यांना जेरीस आणतात, मेलेल्या पक्ष्याच्या देहात वसाहत करतात. 2007 मध्ये लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात कलावंत म्हणून राहताना फार्मर यांनी परजीवी गांधीलमाश्यांचा अभ्यास केला. या माश्या जिवंत अळीच्या अंगात अंडी घालतात आणि पिल्लं तिला आतून खात वाढतात. फार्मरच्या परींनी तो धडा घेतला आणि त्या अधिक क्रूर झाल्या. त्यांची कथा कार्डावर छापता येत नाही, कारण ती कीटकशास्त्रातून आणि मुळांच्या वळणांतून आलेली आहे. कलेच्या ओघात त्या उत्तरोत्तर लहान होत गेल्या, ही गोष्टसुद्धा उत्क्रांतीच्या कथेसारखी वाचता येते.

फार्मर या लेखक आर्थर मॅकेन यांच्या पणती. मॅकेनने 1914 च्या सप्टेंबरात वर्तमानपत्रात युद्धाची एक कल्पित कथा लिहिली. रणांगणावर जुने धनुर्धर मदतीला येतात, अशी. लोकांनी ती सत्य मानली, तिचे देवदूत केले, आणि ही माझी कल्पना आहे असं लेखक सांगत राहिला तरी ऐकलं नाही. बेन्स यांच्या वाट्याला तेच आलं. इंग्लंडमधल्या कॉटिंगलीच्या एल्सी आणि फ्रान्सिस या मुलींची कल्पनाही लोकांनी खरी मानली. 1917 मध्ये त्यांनी एका गिफ्ट बुकातल्या चित्रांवरून कागदी परी कापल्या, टोपीच्या पिनांनी उभ्या केल्या आणि फोटो काढले. लेखक कॉनन डॉइल यांनी त्यांवर पुस्तक लिहिलं. कबुली आली ती 1983 मध्ये. या तिन्ही ठिकाणी कल्पना टिकली, कारण तिने पुरावा पुढे केला आणि बाकीचं बघणाऱ्यावर सोडलं.

फार्मर यांच्यातही एक अडचण आहेच. हल्ला, कत्तल, वसाहत, पुन्हा हल्ला; तीच भूमिती वारंवार येते, आणि सलग चार मांडण्या पाहिल्या की क्रौर्याचीही सवय होते. गोडव्यातून सुटका झाली, पण जुन्या कथांत केवळ धाक नव्हता, देवघेवही होती. दूध ठेवलं तर काम होई, शब्द मोडला तर शिक्षा मिळे, उपकाराची परतफेड व्हायची. माणूस आणि ते लोक एकमेकांचे शेजारी होते. हा शेजार मूर्तीत उतरवणारं काम मला अजून भेटलेलं नाही. क्ले हाताळणाऱ्या ज्या बोटांना नखाएवढ्या पापण्या बसवता येतात, त्यांना ते अशक्य नाही. त्यासाठी कार्ड बाजूला ठेवून कर्कचं हस्तलिखित आणि बार्करचं पुस्तक दोन्ही उघडावी लागतील.