प्रबंध शोधगंगेत, डेटा कुठे?

पीएचडी करणाऱ्याची आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाची खरी गाठ पडते ती अगदी शेवटी. प्रबंध लिहून झाला की साहित्यचौर्य तपासणी, १० टक्क्यांच्या आतला आकडा, त्याचं प्रमाणपत्र आणि मग शोधगंगेसाठी पीडीएफ. ज्या मोजमापांवर हा प्रबंध उभा आहे ती कुठे ठेवली आहेत, हे मात्र कोणीच विचारत नाही. परिपत्रकात याला 'संशोधन विदा व्यवस्थापन' असं भारदस्त नाव आहे. लॅबमध्ये आपण डेटा म्हणतो, इथेही तेच म्हणू.

शोधगंगेला नावं ठेवायची नाहीत. २००९ च्या यूजीसी नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सक्तीची केली, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने त्या प्रती एका जागी आणल्या, आणि त्यामुळे आज बोरिवलीत घरी बसून गुवाहाटीचा प्रबंध वाचता येतो. पण विज्ञानाचा कुठलाही प्रबंध उघडून बघा. शीर्षकपान, प्रमाणपत्र, एकेक प्रकरण, संदर्भसूची, सगळ्यांच्या वेगळ्या पीडीएफ. आकडे दिसतात ते बहुतेक वेळा तक्त्यातले, सरासरी आणि प्रमाण विचलन काढून झालेले. मूळ रीडिंग त्यात सहसा नसतं.

याने काय बिघडतं? आमच्या गोराईचं बघा. इथलं डम्पिंग ग्राउंड १९७२ पासून चालू होतं, २००७ मध्ये तिथे कचरा टाकणं थांबलं, मग तो डोंगर झाकून शास्त्रीय पद्धतीने बंद केला. त्याने खाडीचं पाणी सुधारलं का, हा अगदी साधा आणि महत्त्वाचा प्रश्न आहे. आज तुम्ही जेट्टीवर जाऊन क्षारता, विरघळलेला ऑक्सिजन, शिसं सगळं मोजू शकाल. पण २००७ च्या आधीचं पाणी आता कोणीच मोजू शकत नाही. समजा, तेव्हाच्या एखाद्या प्रबंधात 'पावसाळा: सरासरी अमुक' एवढंच सापडलं. सॅम्पल भरतीला घेतलं की ओहोटीला? खाडीत त्याने आकडा पार बदलतो. वहीत ती नोंद असणारच, कारण वेळ बघितल्याशिवाय कोणी खाडीत उतरत नाही. तक्ता करताना ती गळते, आणि वही मग कपाटात, पुढे माळ्यावर, पुढे रद्दीत.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. टिमोथी व्हाइन्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ५१६ शोधनिबंधांमागचा डेटा मागून पाहिला. निबंध २ ते २२ वर्षं जुने होते. निबंधाच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे डेटा शिल्लक असण्याचे ऑड्स १७ टक्क्यांनी घटत होते. कारणं अगदी घरगुती: ईमेल बंद, फ्लॉपी वाचणारं यंत्र नाही.

आणि जपलं तर काय होतं याचं माझ्या माहितीतलं सर्वांत चांगलं उदाहरण याच शहरातलं आहे, फक्त लोकलच्या दुसऱ्या टोकाला. सप्टेंबर १८५९ मध्ये पृथ्वीवर मोठं सौरवादळ आदळलं. युरोपातल्या वेधशाळांच्या फोटोग्राफिक नोंदी त्या वेळी कागदाबाहेर गेल्या. कुलाबा वेधशाळेत मात्र माणसं डोळ्यांनी रीडिंग घेऊन लिहून ठेवत होती, आणि त्या नोंदी पुढे छापून निघाल्या. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी यांनी भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे जी. एस. लखिना आणि एस. अ‍ॅलेक्स यांच्यासोबत त्याच आकड्यांवरून त्या वादळाची तीव्रता काढली: कुलाब्याला चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरलं होतं. एकशे चव्वेचाळीस वर्षांनी! पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर वेधशाळेचं हे काम अलिबागला हलवलं, पण १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप केलं, म्हणजे जुनी मालिका नव्या जागेला जोडता यावी. डेटा व्यवस्थापन म्हणतात ते हेच. सर्व्हर नव्हता. रकान्याला नाव होतं, एकक होतं, वेळ होती, आणि प्रत कुठे आहे हे माहीत असणारी संस्था होती.

यातलं ग्रंथालयाला नवीन काय आहे? पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत क्रमांक, तालिकेत नोंद, ठरलेली जागा. तेच डेटासेटला लावायचं. 'ग्रंथपालाला आमचा विषय कुठे कळतो' हा आक्षेप मला पटत नाही. रसायनशास्त्राचं पुस्तक लावणाऱ्याला तरी रसायन कुठे येत असतं? त्याने एवढंच विचारायचं: या रकान्याचा अर्थ काय, एकक कोणतं, फाइल कोणत्या सॉफ्टवेअरने उघडते, दुसरी प्रत कुठे आहे. मात्र हे प्रबंध जमा करताना विचारून उपयोग नाही, तोवर निम्मं हरवलेलं असतं. नोंदणीच्या वेळी एक पान भरून घ्यावं, दरवर्षीच्या प्रगती अहवालासोबत ते पुन्हा बघावं, आणि शेवटी प्रकरणांच्या पीडीएफबरोबर मूळ आकड्यांची सीएसव्ही फाइलही घ्यावी.

त्याऐवजी होतं काय, की रिपॉझिटरीचं सॉफ्टवेअर बसतं, उद्घाटनाचा फोटो येतो, आणि ते चालवायला माणूस नसतो. ग्रंथालयातली रिकामी पदं भरल्याशिवाय डेटा सेवेच्या गप्पा मला पोकळ वाटतात. कोर्सवर्कचंही तसंच. २०१९ पासूनचा संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम आकडे बनवू नका हे शिकवतो, खरे आकडे सांभाळायचे कसे याला त्यात वेगळा घटक नाही.

सगळंच उघड्यावर ठेवा असंही नाही. गोराई-मनोरीच्या कोळी कुटुंबांच्या मुलाखती घेतल्या असतील तर नावं काढावी लागतील, संमतीपत्रात तसं आधीच लिहावं लागेल. याचा मसुदासुद्धा ग्रंथालयाने तयार ठेवायला हरकत नाही.

तोवर तुमच्यापुरतं सांगायचं तर सामाजिक शास्त्रांसाठी आयसीएसएसआरची डेटा सेवा आहे, जैविक डेटासाठी फरीदाबादचं इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर आहे, बाकी कशासाठीही सर्नचं झेनोडो आहे. झेनोडो फुकट आहे, एका नोंदीत ५० जीबी मावतात आणि डीओआय मिळतो. गाईडशी बोलून मगच टाका. आणि टाकण्याआधी भरती-ओहोटीचा रकाना आहे ना, बघून घ्या.