‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ : आरमोरीच्या जंगलांतून पाहतां

विष्णुबावा ब्रह्मचारी (इ. स. १८२५–१८७१) यांचा हा निबंध १८६७ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं हँबुर्ग येथें मार्क्सच्या ‘भांडवल’ ग्रंथाचा पहिला खंड निघाला. या योगायोगावरून बावांस मार्क्सच्या पंक्तीस बसविण्याची वहिवाट पडली आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. तो ग्रंथ जर्मन भाषेंतला. त्याचें इंग्रजी रूपांतरही १८८७ मध्यें झालें. सालांचा मेळ बसला म्हणून विचारांचा मेळ सिद्ध होत नाहीं.

बावांचें प्रतिपादन थोडक्यांत असें : सारी प्रजा एक कुटुंब, राजा कुटुंबप्रमुख. जमीन सर्वांची एक, अन्नवस्त्र ज्यानें त्यानें सामाईक कोठारांतून न्यावें, मुलांचें संगोपन राज्यानें करावें. ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ लिहिणाऱ्या संन्यस्त वृत्तीच्या पुरुषानें हें मांडावें यांत धैर्य आहे. परंतु सामाईक मालकी येथें अखेर राजाच्या हातीं जाते. राजा बाप न राहिला तर काय, यास निबंधांत समाधानकारक उत्तर आम्हांस आढळत नाहीं.

उत्तर मिळतें तें वैनगंगाकांठच्या आरमोरीस. हें गांव तेव्हां चांदा जिल्ह्यांत होतें, १९८२ पासून गडचिरोलींत आहे. ढिवरांनीं ऐन व अर्जुन या झाडांवर किडे वाढवून कोसा उतरवावा, कोष्ट्यांनीं त्याची टसर विणावी, हा येथील धंदा. आगगाडी नागपुरास आली तीही १८६७ सालींच. एम्प्रेस गिरणी १८७७ मध्यें सुरू झाली. गिरणीनें माग बुडविला एवढ्या एका सूत्रावर येथील इतिहास सांगतां येत नाहीं. कापसाचें सूत गिरणींतून येऊं लागलें हें खरें. कोसा मात्र झाडावरच होत असे. घाव आला तो झाडाच्या बाजूनें. रुळांखालीं घालावयास लांकूड हवें, म्हणून जंगल राखावयाचें. आणि १८७८ च्या कायद्यानें सरकारी जंगल ‘राखीव’ व ‘संरक्षित’ झालें. त्यांतील वनोपजाच्या व्याख्येंत मध व मेण यांच्या पंक्तीस रेशीम आणि कोष हे शब्द स्पष्ट घातले आहेत. जंगल एका धन्याचें झालें. कोठार मात्र कोणासाठीं उघडलें नाहीं. (पूर्वेकडील बरेंच जंगल जमीनदारांचें होतें, हा भेद विसरतां कामा नये.)

मार्क्सशीं तुलना करावयाचीच तर ती १८४२ मधील त्याच्या लेखांशीं करावी. ऱ्हाइन प्रांतांत वाळलेल्या काटक्या वेंचणें हा चोरीचा गुन्हा ठरूं लागला, तेव्हां त्यानें त्यावर लिहिलें, आणि अर्थशास्त्राकडे आपण प्रथम वळलों तें या प्रकरणामुळें, असें पुढें १८५९ मध्यें स्वतःच नमूद केलें. तो वनाच्या मालकीपासून निघाला; बावा राजाच्या दयेपासून निघाले.

संग्राहक सनदा व बखरी जपून ठेवितात, टसरीच्या व्यापाऱ्यांच्या मोडी वह्यांकडे सहसा कोणी पाहत नाहीं. १८७८ च्या अलीकडच्या व पलीकडच्या अशा वह्या कोणापाशीं असल्यास कोशाचा भाव व जंगलाचा आकार यांचे आंकडे उतरवून आम्हांकडे पाठवावे.