न वाजवलेला ढोल

दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्राची चर्चा आपण पुष्कळ केली. शब्दाची केली, प्रतिमेची केली, बोलीची केली. आवाजाची केली नाही. वामनदादा कर्डकांवर (१९२२–२००४) लिहितानाही आपण त्यांच्या गाण्यातले शब्द उचलतो आणि खाली वाजणारी ढोलकी तशीच सोडून देतो, जणू ती वाजवणाऱ्याची खाजगी बाब आहे. याचा परिणाम असा झाला की आज आपली मुले घरात बसून, कोणत्याही वाद्याला हात न लावता, यंत्रावर जे संगीत रचीत आहेत ते कसे ऐकावे हेच आपल्या समीक्षेला ठाऊक नाही. त्याला 'डीजे' म्हणायचे आणि कानांवर हात ठेवायचे, एवढीच आपली भूमिका. या एका बाबतीत आपण आणि आपले पांढरपेशे शेजारी एकाच रांगेत उभे आहोत.

रत्नागिरी तालुक्यातल्या एका बौद्धवाडीत राहणाऱ्या तरुणाच्या तीन रचना मी ऐकल्या. तो दिवसा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. संगीत शिकलेला नाही, पेटी त्याला वाजवता येत नाही. जवळ एक जुना संगणक, त्यात एफएल स्टुडिओ नावाचा प्रोग्राम, आणि ध्वनिमुद्रणाला खिशातला फोन. कोणताही आवाज टिपायचा, त्याचा हवा तो तुकडा कापायचा, पडद्यावरच्या चौकटींत मांडायचा, वर-खाली चढवायचा आणि पुनःपुन्हा फिरवायचा. अशा तुकड्याला सॅम्पल म्हणतात. त्याचे नाव मी देत नाही. कारण पुढे येईल.

ही रीत नवी नाही. पॅरिसच्या रेडिओतील पिएर शेफर या अभियंत्याने १९४८ साली बातिन्योलच्या रेल्वे आगारात जाऊन इंजिनांचे आवाज तबकड्यांवर घेतले आणि त्यांची रचना केली. आपल्याकडेही १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर याच्या मदतीने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला. गीता साराभाई आणि इतरांनी तिथे रचना केल्या. त्या फिती संस्थेतच पडून राहिल्या आणि २०२३ मध्ये त्यांतल्या निवडक रचनांचा संग्रह बाहेर आला. म्हणजे यंत्र या देशात लवकर आले, परंतु ते कोणाच्या अंगणात उतरले हेही पाहावे लागते. वस्तीपर्यंत ते वेगळ्या वाटेने पोचले: ऑर्केस्ट्रातला ऑक्टोपॅड, कॅसेटची दुकाने, मग मेमरी कार्ड, मग फोन. या वाटेचा इतिहास कोणी लिहिलेला नाही, कारण तो कोणत्याही संस्थेच्या कपाटात नाही.

आता रचना.

पहिली १४ एप्रिलसाठी केलेली. खाली जड ठेका, वर हलगी आणि मधूनमधून बाबासाहेबांचा आवाज. मिरवणुकीत ती चालेल, चाललीही असेल. तरीही ती मला पटली नाही. हलगी आयती आहे, तयार सॅम्पलच्या गठ्ठ्यातून घेतलेली. मुळात हलगी देशावरची. रत्नागिरीच्या कानाला ढोल, ताशा आणि सनई जवळची. खरी हलगी आधी जाळावर शेकावी लागते. कातडे ताणले की आवाज कडक निघतो, ऊब उतरली की तो बसतो, आणि वाजवणारा पुन्हा जाळाकडे वळतो. या रचनेतली हलगी पहिल्या मिनिटाला जेवढी तापलेली आहे तेवढीच शेवटच्या मिनिटाला आहे. तिला हात नाही आणि जाळही नाही.

याहून मोठी चूक बाबासाहेबांच्या आवाजाची. तो १९५३ च्या बीबीसी मुलाखतीतला आहे. तिथे ते सांगतात की इथली समाजरचना संसदीय लोकशाहीशी विसंगत आहे, म्हणून ती लोकशाही इथे चालणार नाही. एवढा गंभीर युक्तिवाद, आणि या रचनेत त्याची दोनच अक्षरे उरली आहेत, तीही ठेक्यात बसतात म्हणून. ज्या माणसाने आयुष्यभर पूर्ण वाक्यात बोलण्याचा आग्रह धरला त्याचा आवाज आपण टाळीसारखा वापरायचा काय? मी हे त्याला तोंडावर बोललो. तो म्हणाला, "सर, पूर्ण वाक्य ठेवलं तर कोणी नाचणार नाही." मग न नाचोत थोडा वेळ!

दुसरी रचना मात्र अस्सल आहे. एप्रिल हा जयंतीचा महिना तसा रत्नागिरीत हापूसचाही. बागेत लाकडी पेट्या ठोकणाऱ्यांच्या हातोडीचा आवाज, वाळल्या गवताची खसखस, पेटी टेम्पोत सरकवतानाचे घर्षण आणि शेवटी पहिल्या पावसाचा पत्र्यावरचा मारा, एवढ्यावर त्याने सात मिनिटांची रचना उभी केली आहे. कोकणच्या आंब्यावर मराठीत ललित लेख काही थोडे झाले नाहीत. त्यांत वास आहे, रंग आहे, आजोळ आहे, पण हातोडी ऐकू येत नाही. ती इथे ऐकू येते. एकच दोष सांगतो. दोन माणसे ठोकत असली की त्यांचे घाव एकमेकांपुढे-मागे पडतात, त्यातून एक लंगडी लय तयार होते. यंत्राने ते घाव चौकटीत ओढून सरळ केले आहेत आणि त्याने ते तसेच राहू दिले आहेत. थकलेल्या हाताचा घाव जरा उशिरा पडतो. तो उशीर पुसला की थकवाही पुसला जातो.

तिसरी रचना हीच हा लेख लिहिण्याचे कारण.

या मुलाच्या घराकडे शिमग्याला पालखीपुढे ढोल वाजवण्याचे काम असे. गावाच्या भाषेत तो त्या घराचा 'मान' होता. ढोल वाजवण्याचा मान, पालखीला शिवण्याचा नव्हे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रात ठिकठिकाणी आपल्या लोकांनी मेलेली ढोरे ओढणे, सांगावे पोचवणे आणि वाजप ही गावकीची कामे टाकली, आणि त्याबद्दल बहिष्कार सोसले. सरकारने कनिष्ठ वतने नाहीशी करणारा कायदा १९५८ साली केला, परंतु त्याआधीच माणसांनी ती मनातून उतरवली होती. या घरानेही ढोल टाकला. मुलाचे आजोबा आज ऐंशीच्या पुढे आहेत. पोरवयात बापाच्या मागे उभे राहून त्यांनी तो वाजवला होता. त्यानंतर कधीच नाही.

नातवाने इंटरनेटवरून ढोलाचे सॅम्पल उतरवून घेतले आणि एका रात्री ते घरात वाजत राहिले. आजोबा पडवीतून उठून आत आले. "कोन वाजवतोय रे?" नातू म्हणाला, "कोनी नाय आजोबा, मशीन हाय." म्हातारा बराच वेळ उभा होता. मग म्हणाला की हा हात चुकीचा आहे.

पुढे काही महिन्यांनी त्याने ढोलाचे बोल तोंडाने म्हणून दाखवले. ढोलाला हात लावणार नाही, ही अट कायम. ढोल घरात नव्हताही. नातवाने ते बोल फोनवर टिपले आणि तिसरी रचना त्यांचीच केली. तीत वाद्य एकही नाही. दात नसलेल्या तोंडातून येणारे बोल, मधला श्वास, खोकला, एकदा चुकून पुन्हा सुरुवात. चूक त्याने काढलेली नाही. दुसऱ्या रचनेत जे त्याला जमले नाही ते इथे जमले आहे.

हे ऐकताना मला प्रश्न पडला की याने नकार मोडला की राखला? जी विद्या जातीने लादली ती विद्या म्हणून थोर होती, हे कबूल करायला आपण कचरतो. थोर म्हटले तर गाव लगेच 'मान' घेऊन दाराशी येईल, ही आपली भीती, आणि ती खोटी नाही. म्हणून आपण ढोलाबरोबर ढोलाचे ज्ञानही गाडले. या मुलाने ज्ञान तेवढे वर काढले आणि ढोल तिथेच ठेवला. सॅम्पलमुळे हे शक्य झाले. आवाज हातापासून वेगळा करता येतो, आणि ज्यांचा हात शतकानुशतके आवाजाला बांधलेला होता त्यांच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही.

पण वेगळा केलेला आवाज कोणीही नेतो. अमेरिकेतल्या क्लाइड स्टबलफील्ड या काळ्या ढोलवादकाने जेम्स ब्राऊनच्या १९७० च्या 'फंकी ड्रमर' या ध्वनिमुद्रिकेत काही सेकंदांचा ठेका वाजवला. पुढे हजाराहून अधिक गाण्यांनी तो कापून घेतला. २०१७ साली तो वारला, पण त्या गाण्यांची रॉयल्टी त्याच्या हाती आली नाही. आपल्या हलगीच्या गठ्ठ्यांत ज्यांचे हात आहेत त्यांचे तर नावही कुठे नाही. उद्या हे बोल कोणी उचलून शिमग्याला पालखीपुढे कर्ण्यावर लावले, तर म्हाताऱ्याने सत्तर वर्षे पाळलेला नकार एका बटणाने मोडेल. तोही त्याच्या स्वतःच्या आवाजात.

म्हणून ती फाइल त्याने कोणाला दिलेली नाही, आणि म्हणून त्याचे नाव मी देत नाही. मलाही त्याने ती पडवीत बसवून ऐकवली, इयरफोनचा एक बोंडूक त्याच्या कानात, एक माझ्या.

पहिली रचना मात्र त्याने मोडून पुन्हा करावी. मुलाखतीतले ते वाक्य, चौकटीत बसो वा न बसो, पूर्ण यायला हवे.