बंदीहुकुमाचं रसग्रहण

कथा, कादंबरी, नाटक, कविता एवढ्यांवरच आमच्या समीक्षक मंडळींनी आजवर लेखण्या झिजवल्या. बंदीहुकूम हा साहित्यप्रकार बिचारा उपेक्षितच राहिला. वास्तविक त्यात काय कमी आहे? भाषा भारदस्त, आकार आटोपशीर, लेखक नामानिराळा; आणि प्रसिद्धी अशी, की ज्या पुस्तकाची हजाराची आवृत्ती दहा वर्षं गोदामात पडून असते, त्याच्यावरचा हुकूम एका सकाळीत घरोघर पोचतो. खरं म्हणजे हे काम मराठीच्या प्राध्यापकाचं. मी पडलो बी. कॉम., बँकेत कारकून. पण प्राध्यापक मंडळी अभ्यासक्रमात काय ठेवायचं नि काय काढायचं याच विवंचनेत असतात, तेव्हा म्हटलं, आपणच हात धुऊन घ्यावेत. शिवाय रुक्ष कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याची सवय बँकवाल्याला जितकी, तितकी ज्ञानपीठवाल्यालाही नसेल.

आता रसग्रहण करायचं तर कसोटी हवी. माझी कसोटी काउंटरवरची आहे. चेक परत करायचा झाला, तर तो ‘जा, घेऊन जा’ म्हणून भिरकावता येत नाही. त्याला मेमो जोडावा लागतो. शिल्लक अपुरी, सही जुळत नाही, तारीख पुढची, अक्षरी आणि आकडी रकमेत फरक, जे असेल ते कारण, त्याच्यापुढे खूण, खाली सही. भोरच्या बाजारच्या दिवशी एखाद्या म्हाताऱ्याचा दोन हजारांचा चेक परत आला, तरी तो मेमो नाकाजवळ धरून “सायेब, ह्ये काय लिवलंय?” असं विचारतो आणि आम्हाला ते मराठीत समजावून द्यावं लागतं. दोन हजारांच्या चेकला जो मान मिळतो, तो दोनशे पानांच्या पुस्तकाला मिळतो का? एवढंच मी बघतो.

पहिला नमुना मुंबई विद्यापीठाचा, सन 2010. रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही 1991 सालची इंग्रजी कादंबरी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला लावलेली होती. तीत शिवसेनेविषयी आणि मराठी माणसाविषयी वावगं लिहिलंय, अशी तक्रार शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेने केली. विद्यापीठाच्या दारात प्रती जाळल्या गेल्या (जाळायला त्या आधी विकत घ्याव्या लागल्या असणार, म्हणजे त्यातही लेखकाचा फायदाच). मग कुलगुरूंनी 1994 च्या विद्यापीठ कायद्यातलं 14(7) हे तातडीच्या अधिकाराचं कलम वापरून कादंबरी काढून टाकली. तातडी म्हणजे पेपर फुटला, वसतिगृहात पाणी शिरलं, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. एकोणीस वर्षांची कादंबरी अशी अचानक पेट घेते हे मला नवीन होतं.

पण माझं दुःख निराळंच आहे. या कादंबरीचा नायक गुस्ताद नोबल हा बँकेतला कारकून आहे हो! जगाच्या साहित्यात राजपुत्र नायक झाले, डॉक्टर झाले, खुनी झाले, दारुडे तर किती झाले. आमच्या वाट्याला एक पारशी आला, तर त्यालाच अभ्यासक्रमाबाहेर काढलं! बरं, तो करतो काय? एका मित्राने पाठवलेली दहा लाखांची रोकड खोट्या नावाच्या खात्यात थोडी थोडी भरत बसतो. 1971 साली नगरवालाने दिल्लीच्या स्टेट बँकेतून एका टेलिफोनवर साठ लाख नेले, त्या प्रकरणाचा हा धागा. तेव्हा हरकत घ्यायचीच होती तर ती बँकांच्या तपासणी खात्याने घ्यायची. केवायसी नाही, पॅन नाही, नि हा गृहस्थ नोटा मोजतोय! आमच्या एकाही युनियनने ब्र काढला नाही.

पात्रं त्यात पुढाऱ्यांना शिव्या देतात हे खरं. 1971 च्या मुंबईत महिनाअखेरीला माणसं पुढाऱ्यांची आरती करत होती, असं कुणी पुराव्यानिशी दाखवलं तर मी माझे शब्द मागे घेईन. पात्राच्या तोंडचं वाक्य लेखकाच्या खात्यात नावे टाकायचं म्हटलं, तर ‘एकच प्याला’तल्या तळीरामापायी गडकऱ्यांना दारूबंदी खात्याने उचलायला हवं होतं.

दुसरा नमुना जास्त नाजूक. जेम्स लेन यांचं शिवाजीमहाराजांवरचं इंग्रजी पुस्तक 2003 सालचं. ते प्रकाशकांनी त्याच वर्षी मागे घेतलं होतं, तरी 5 जानेवारी 2004 रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेत मोडतोड झाली. ज्या पोथ्यांनी लेनचं तोंडही पाहिलं नव्हतं त्या विस्कटल्या गेल्या. त्याच महिन्यात सरकारने पुस्तकावर बंदी घातली. आमच्याकडे राजगड, तोरणा ही काही पुस्तकातली नावं नाहीत. वेल्ह्याला (आता त्या तालुक्याला राजगड म्हणायचं) सकाळी दार उघडलं की समोर असतात. त्या पुस्तकातलं जे छापून आलं ते वाचून इथल्या माणसाचं माथं भडकलं, माझंही भडकलं. पण मेमो तो मेमो. फौजदारी संहितेचं कलम 95 म्हणतं, की बंदीच्या अधिसूचनेत कारणं लिहा. उच्च न्यायालयाने 2007 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये बंदी रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने तर बोट ठेवलं, की समाजात तेढ माजेल म्हणता, पण कोणत्या नि कोणत्या समाजात, ते अधिसूचनेत आहेच कुठे? रकाना भरला होता, पण अर्धाच. अशा अर्धवट मेमोवर आमच्याकडे पासिंग ऑफिसरचा मेमो निघतो. ते कलम आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 98 क्रमांकाचं झालं आहे. नंबर बदलला, कारणं लिहिण्याची अट तशीच आहे.

तुम्ही म्हणाल, मग झालं तर. कायदा आहे, कोर्ट आहे. आहे ना. पण तो छापील हुकुमाला. शाळेतल्या बंदीचा साहित्यप्रकार मौखिक असतो, ओवीसारखा. लेखी काही नाही.

बँकेच्या आर्थिक साक्षरता शिबिरासाठी मी वेल्ह्याकडच्या एका शाळेत गेलो होतो. (शाळेचं नाव सांगत नाही, गुरुजी माझे स्नेही आहेत.) ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट. कपाटाच्या वर वर्तमानपत्रांचा गठ्ठा, नि गठ्ठ्याखालून एका जाडजूड ग्रामीण कादंबरीची कड दिसत होती. मी विचारलं, “गुरुजी, ही वर का?”

“एका पालकांनी हरकत घेतली, साहेब. शिव्या आहेत म्हणाले.”

“कुठली शिवी?” त्यांनी कानात सांगितली. ती भोरच्या एसटी स्टँडवर ताम्हिणीची गाडी लागली की फुकट मिळते, तीही सहकुटुंब.

“त्यांनी पुस्तक वाचलं होतं?”

“पान चौसष्ट. तेवढंच दुमडून आणलं होतं.”

“आणि तुम्ही?”

“मीसुद्धा चौसष्टच. पुढचं वाचलं असतं तर निर्णय घ्यावा लागला असता ना!”

देवघेवीच्या रजिस्टरात त्या पुस्तकापुढे नववीतल्या एका मुलीचं नाव लिहून खोडलं होतं. शेरा काही नाही.

हे फक्त आमच्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या आयलंड ट्रीज गावी 1975 साली शाळा मंडळाच्या दोन पदाधिकाऱ्यांनी रात्री शिपायाकडून ग्रंथालय उघडून घेतलं नि बरोबरच्या यादीतली पुस्तकं कार्डांत शोधली. पुढे मंडळाने पुस्तकं काढली, तेव्हा स्टीव्हन पिको नावाचा विद्यार्थी मित्रांना घेऊन कोर्टात गेला. प्रकरण 1982 मध्ये थेट त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं, तेही काठावरच्या मतांनी, मुलांच्या बाजूने. रात्रीच्या वेळी पुस्तकांच्या तपासाला निघणं! आमच्याकडे रात्री कपाटं उघडतात ती कॅश कमी पडली तर.

मुलं बिघडतील, हा सगळ्यांचा हुकमी एक्का. त्याचाही हिशेब एका मराठी लेखकाच्या खटल्यात होऊन गेलेला आहे. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ 1962 च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली. उच्च न्यायालयाने त्यांना अश्लीलतेसाठी दोषी धरलं, 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. न्यायमूर्तींच्या म्हणण्याचा आशय असा, की स्त्रीपुरुषसंबंधाचा नुसता उल्लेख आला म्हणून कादंबरी कोवळ्या वयाला वर्ज्य ठरवायची, तर त्या वयाला एकही कादंबरी वाचता येणार नाही. निव्वळ धार्मिक पुस्तकं तेवढी उरतील. (तीही नीट वाचलीत तर पान चौसष्ट कुठे सापडेल सांगता येत नाही.)

मुंबईत पुस्तक अभ्यासक्रमातून काढलं तर ते फोर्टच्या फुटपाथवर दुप्पट खपतं. कुणाचं काही अडत नाही. पण वेल्ह्याच्या पलीकडच्या वाडीतली मुलगी काय करणार? आप्पा बळवंत चौक गाठायचा तर बापाचा एक रोज बुडतो आणि एसटीचं भाडं वेगळं. मोबाइल आहे म्हणाल, तर डोंगराआड रेंज नाही, नि आली तर आधी भावाच्या हातात. तिच्या दृष्टीने त्या कपाटाबाहेर पुस्तक नसतंच. कपाट गावचं, पुस्तकं सरकारच्या पैशाची, किल्ली मात्र ज्याने चौसष्टावं पान दुमडलं त्याच्या खिशात. भोरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. भाटघरचं पाणी आमच्या दारात अडवतात आणि कालव्याने बारामती-फलटणला जातं.

म्हणून मी एका रविवारी रिटर्न मेमोच्या धर्तीवर एक कागद तयार केला. पुस्तकाचं नाव. हरकत घेणाऱ्याने पुस्तक पूर्ण वाचले आहे काय, होय / नाही. नसल्यास किती पाने. हरकतीचा मजकूर. तो वाचून हरकत घेणारा स्वतः बिघडला काय, असल्यास कितपत. पुस्तक परत कपाटात ठेवण्याची तारीख. तळाशी नाव आणि सही. झेरॉक्स काढून गुरुजींना पन्नास प्रती दिल्या.

गुरुजींनी चष्मा लावून तो शांतपणे वाचला. म्हणाले, “उत्तम आहे. फक्त ती सहीची जागा काढता आली तर बघा. तेवढ्यावर अडेल.”

मी म्हटलं, तेवढीच ठेवायची आहे, बाकीचं हवं तर काढा.